अकरा प्रवाळ आणि नोंदवहीचे एक पान

मी, वय वर्षे एकाहत्तर, अविवाहित, समुद्रजीवशास्त्राची निवृत्त संशोधक, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. धाकट्या बहिणीला शंका असल्यास सोबत डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. शुक्रवारी हृदयाची शस्त्रक्रिया आहे. एवढे लिहीपर्यंत चार वेळा उठून टाकीचे तापमान पाहून आले, म्हणून पाल्हाळ नको.

१. राहते घर बहिणीला. मात्र मागच्या खोलीतले सहा महिने कोणी काही हलवू नये. "ताई, लोक पोपट पाळतात. तू अंधारात ओले मोजे काय पाळतेस?" असे ती विचारत असते. ते मोजे नव्हेत, खोल समुद्रातले मऊ प्रवाळ आहेत. त्यांना उजेड लागत नाही. नऊ अंशांचे खारे पाणी आणि दिवसातून तीनदा अगदी बारीक खाद्य लागते. मासेमारीच्या जाळ्यांनी खरवडून टाकलेल्या समुद्रतळावर पुन्हा लावण्यासाठी ते वाढवायचे असतात.

२. बँकेतल्या ठेवीतून आधी टाकीचे वीजबिल भरावे. उरेल ते भाचीला. ती फार गुणाची आहे असे नाही, पण तिने कधी मागितले नाही.

३. पुस्तके महाविद्यालयाला. संस्थेच्या माजी संचालकांनी माझ्या शोकसभेत बोलू नये. ते सुरू झाले की थांबत नाहीत, आणि मला उठून जाता येणार नाही.

४. अकराही प्रवाळ, टाकी आणि शीतयंत्र माझ्या प्रयोगशाळेतल्या जुन्या सहायकाला. सदैव हातात बादली, म्हणून आम्ही त्याला बादलीराव म्हणत असू. त्याचा हक्क का, ते लिहिणे भाग आहे.

हे प्रवाळ कधीकधी आक्रसून बसतात. आठवडेच्या आठवडे मेल्यासारखे. मेले की नाही हे ठरवायला एकच भरवशाची रीत आहे: बाहेर काढून नाक लावायचे. मेलेल्याची दुर्गंधी लपत नाही. एकोणीस वर्षांपूर्वी एक प्रवाळ चाळीस दिवस मिटून होता. बादलीराव म्हणाला, "मॅडम, वास येत नाहीये याला."

"मग नसेल येत. फेका."

मला त्या दिवशी सडकून सर्दी होती. नाक न लावताच मी नोंदवहीत 'मृत' लिहून सही केली. त्याने तो फेकला नाही, घरी नेला आणि बर्फात ठेवलेल्या बादलीत, खाऱ्या पाण्यात जपला. दोन महिन्यांनी बादली घेऊन भर सभेत आला. "बघा मॅडम, उघडलाय." त्याला वाटले, सगळ्यांना आनंद होईल.

संचालकांनी विचारले, संस्थेचा जिवंत नमुना बाहेर गेला कसा? बादलीरावाने माझ्याकडे पाहिले. मी म्हणाले, "मला कल्पना नाही." चोरीच्या आरोपावरून त्याची नोकरी गेली. ते पान मी सभेच्या आदल्या दिवशीच, नोंदवहीची तपासणी होणार आणि त्यावर वासाचा रकाना कोरा होता म्हणून, फाडून घरी आणले होते. आजचे अकराही त्याच एका प्रवाळापासून वाढवलेले आहेत; निवृत्तीच्या वेळी संस्थेने ते मला रीतसर दिले. मला त्यावर दोन पुरस्कार मिळाले.

ते पान सोबत आहे. ते संस्थेला द्यावे, आणि चोरीचा शेरा काढून तसे त्याला लेखी कळवावे.

५. हे कलम सह्यांच्या वेळी वाढवले आहे. शीतयंत्र दुरुस्त करणारे मेकॅनिक साक्षीला आले. (साक्षीदाराला वारसा देता येत नाही, म्हणून माझी हत्यारांची पेटी त्यांना आजच दिली.) कलम चार वाचून ते म्हणाले, "बाई, सही करतो. पण मेल्यावर कबूल करायला काय लागतं? तो माणूस आहे ना अजून?"

"आहे. बसने चाळीस मिनिटं."

"मग?"

दुसऱ्या साक्षीदार, शेजारच्या डॉक्टरीणबाई, उठल्या. त्यांनी माझी चप्पल पुढे सरकवली.

म्हणून कलम चारमधला बदल असा: पान मी आज स्वतः त्याच्या हातात देईन. त्याने दार लावून घेतले, तरी अकराही त्याचेच. घेतो की नाही, हे त्याने ठरवायचे.

लिहून देणार: (सही)
साक्षीदार: शीतयंत्राचे मेकॅनिक (सही), शेजारच्या डॉक्टर (सही)
स्थळ: मागची खोली. मंगळवार, ९ मार्च, सकाळचे अकरा. साडेअकराची बस आहे.