दोन रांगा

छावणी, छत्रपती संभाजीनगर
शुक्रवार, २१ नोव्हेंबर २०२५

प्रिय अभयदादा,

सप्रेम नमस्कार, आणि तुमच्या डाव्या गुडघ्याची स्वतंत्र विचारपूस.

काल गुरुवारच्या आपल्या संस्कृत वाचनाला तीन तास समोरासमोर बसलो आणि आज पत्र पाठवतोय. ते तुमच्याकडं पोचवाल का म्हटल्यावर द्वारकाबाईंनी विचारलंच, "काल बसला व्हता की एवढं. तवा तोंड शिवलं व्हतं का?" आमचं चर्च झाडणाऱ्या या बाईंपासून फादरचं काही लपत नाही.

तुमच्या पासष्टीच्या गौरवग्रंथासाठी मी लेख दिला. देवगाव रंगारीच्या पाळकाचा मुलगा, जर्मनीत लूथरन ईश्वरविज्ञानाचा डॉक्टर झाला, तिथली प्राध्यापकी सोडून परतला आणि कॅथलिकांशी संवादाला आयुष्य देऊन बसला, असं सगळं यथासांग लिहिलं. बैठकीतून कुणी चिडून उठलं की तुम्ही म्हणता, "पाचशे वर्षं भांडलो, निदान पन्नास तरी बोलू. बसा, चहा येतोय," तेही घातलं. पंधरा-सोळा वर्षांनी धाकट्या माझ्याकडून संस्कृत शिकलात, हेही. माणसाचं तारण कर्मानं होत नाही, केवळ कृपेनं होतं, हे तुमचं मत तुमच्या उच्चारांना तंतोतंत लागू पडतं, हे मात्र संपादकांनी काढलं.

लेख चांगला झालाय. फक्त त्यात रूपावहिनींच्या अंत्यविधीचा मिस्सा नाही.

वहिनी आमच्या कॅथलिक, तुम्ही लूथरन; तुम्हा नवरा-बायकोचा रविवार सगळ्या छावणीला पाठ होता. सातला वहिनींबरोबर आमच्या मिस्साला, दहाला तुमच्या उपासनेला. आमच्याकडं ख्रिस्तप्रसादाच्या रांगेत त्या भाकर घ्यायच्या आणि मागं तुम्ही छातीवर हातांची घडी घालून उभे. म्हणजे भाकर नको, आशीर्वाद द्या. तुमच्याकडं प्रभुभोजन देणारे पाळक तुम्हीच, आणि रांगेत तीच हातांची घडी वहिनींची. घरात तेहतीस वर्षं एका ताटात जेवलात आणि वेदीपुढं एकदाही नाही. भाकर आपापल्या पंथातच घ्यायची, कुणाचा नियम मोडायचा नाही, हे तुम्हीच ठरवलेलं. "चोरून खाल्लं तर भूक कळायची कशी, पंडित?" असं मला म्हणाला होतात.

वहिनींच्या अंत्यविधीला तुम्ही रांगेत आलात तेव्हा हातांची घडी नव्हती. उजवा तळवा डाव्यावर, दोन्ही उघडे, भाकर घ्यायला धरतात तसे. मला वाटतं, ते तुम्हालाही कळलं नसावं.

मी तुमच्या डोक्यावर हात ठेवला.

नियम चुकला असं मी आजही म्हणत नाही. म्हटलं तर तुम्हीच शिकवणी घ्याल. पण आशीर्वादाचे शब्द म्हणताना मी तुमच्याकडं पाहिलं नाही, दादा. तुमच्या मागं कोण उभं आहे, ते पाहत होतो. तुमचे हात तसेच घेऊन तुम्ही बाकाकडं गेलात. संध्याकाळी द्वारकाबाई फुलं गोळा करता करता म्हणाल्या, "पाद्रीबाबाचा हात तसाच ऱ्हायला, फादर. लई वेळ." मी त्यांना फुलदाण्या धुवायला पाठवलं.

त्यानंतरच्या गुरुवारी चारला तुम्ही वाचनाला येणार नाही, अशी माझी खात्री होती. खरं सांगायचं तर मी प्रार्थनाही तशीच केली होती. तुम्ही आलात. फुलंब्रीचे पेरू आणलेत, पुस्तकातली खूण काढलीत आणि म्हणालात, "कुठवर आलो होतो?" मग पहिलीच ओळ इतकी अशुद्ध वाचलीत, की ती सुधारण्याच्या निमित्तानं मला बोलता आलं. ते मुद्दाम होतं का, हे मी कधी विचारलं नाही. सांगूही नका.

त्याला येत्या महिन्यात वर्ष होईल. एक गुरुवार चुकला नाही. गौरवग्रंथात तुमची सोळा पुस्तकं मोजली आहेत. मी मात्र त्या एका गुरुवारचा ऋणी आहे, आणि त्याबद्दलचे आभार आज पहिल्यांदा मानतोय.

वहिनींच्या पहिल्या स्मृतिदिनाचा मिस्सा मीच म्हणणार आहे. तुम्ही रांगेत याल, हातांची घडी घालाल. यापेक्षा जास्त मला देता येणार नाही. पण त्याआधी माझं एक काम आहे.

परवा रविवारी सातचा मिस्सा आटपून मी दहाला तुमच्याकडं येतोय. झगा घालून नव्हे, आणि मला पहिल्या बाकावर बसवू नका. प्रभुभोजनाला मी रांगेत शेवटी, वहिनी उभ्या राहायच्या तिथं, छातीवर हातांची घडी घालून उभा राहीन.

डोक्यावर हात ठेवा. आणि दादा, माझ्याकडं बघा.

तुमच्या रांगेतला शेवटचा,
राजकुमार