निळ्या माशाचा वाडगा

आई, तू मला आयुष्यात एकदाच मारलंस, तेही भातावरून. मी सात वर्षांची असेन. तुझ्या चिनी नववर्षाच्या आदल्या संध्याकाळी तू नेहमीसारखं एक पान जास्तीचं मांडलं होतंस. निळा मासा काढलेला छोटा वाडगा, त्यात गरम भात, शेजारी आडव्या ठेवलेल्या जेवायच्या दोन काड्या. मी त्या उचलून भातात उभ्या खोचल्या आणि तुझा हात फाडकन माझ्या गालावर बसला. कॅम्पातल्या पार्लरमध्ये दिवसभर बायकांच्या केसांतला गुंता हळुवार सोडवणारा तो हात! कारण काही सांगितलं नाहीस. हे पान कोणाचं, असं रडत विचारलं, तर एवढंच म्हणालीस, "आपल्यातलं जे इथे नाही, त्याचं." मी ठरवून टाकलं, हाँगकाँगला वारलेल्या आजीचं. आजीच्या पानाला हात लावला, म्हणून मार बसला. वाडगा लहान, कारण म्हाताऱ्या माणसाची भूक ती केवढी! जेवणं झाली की तो गार भात तू मलाच भरवायचीस. अन्न टाकायचं नाही, हा तुझा कायदा होता.

तू गेल्यावर तो वाडगा मी इथे, डब्लिनजवळ ओंगारला आणला. आणि तुझी लेक पडली दीडशहाणी. गेलेल्या माणसाच्या भातात काड्या उभ्या ठेवतात, असं मी कुठेतरी वाचलं. मला वाटलं, मराठी घरात राहून राहून तूच तुझी रीत विसरलीस. म्हणून बारा वर्षं, दरवर्षी, मी त्या काड्या उभ्या खोचत आले. तुझी चूक सुधारत होते मी.

परवा त्याच संध्याकाळी माझ्या लेकीची चिनी मैत्रीण तिच्या आजीला घेऊन जेवायला आली. बाबाही सध्या इथेच आहेत, हीटरला चिकटून बसलेले असतात. टेबल बघताच म्हातारीचा चेहरा उतरला. तिनं नातीकरवी विचारलं, कोण वारलं? मी म्हटलं, "माझी आजी. पण माझी आई काड्या आडव्याच ठेवायची." नात तिच्याशी काहीतरी बोलली आणि डब्लिनच्या हेलात म्हणाली, "शुअर, दॅट्स फॉर समवन अलाइव्ह." आडव्या काड्या जिवंत माणसाच्या. जे लांब आहे, या जेवणाला पोहोचू शकलं नाही, त्याच्या. म्हातारीनं वाडगा हातात घेऊन अंगठा त्या माशावरून फिरवला आणि आणखी काही बोलली. नातीनं सांगितलं, हा लहान मुलाचा वाडगा आहे.

मी हसले. खरंच हसले गं. मग बाबांकडे पाहिलं. त्यांनी चमचा खाली ठेवला होता.

"तिनं शपथ घातली होती मला," ते म्हणाले. "तिला आधीची मुलगी होती. चार वर्षांची. पहिला नवरा गेला, सासूनं पोर ठेवून घेतली आणि हिला घराबाहेर काढलं."

पाहुण्यांना वाढायचं होतं, पण मला उठताच येईना. अजूनही सकाळी चहा ठेवताना मध्येच हात थांबतो. एवढं पोटात ठेवून तू संक्रांतीला शेजारणींना तिळगूळ वाटत होतीस? माझ्या केसांची वेणी घालताना तुला कोणाचे केस आठवत होते? राग येतो तुझा, आणि लगेच तुझ्या त्या हाताची थप्पड आठवते. जिवंत बहिणीचं बारा वर्षं श्राद्ध घातलं मी, आई. तू एकदा मारून थांबवलं होतंस, तरी घातलं. बाबा म्हणतात, आता शोधू या. मी हो म्हटलं, पण तिचं नाव विचारायचं धाडस अजून झालेलं नाही. पन्नाशी ओलांडलेली ती बाई मला पहिलंच विचारेल, आईच्या हातचं तू किती वर्षं जेवलीस?

हे पत्र प्रेसमध्ये, म्हणजे इथल्या कपाटात, त्या वाडग्याखाली ठेवते आहे. एक सांगायचं राहिलं. पाहुणे गेल्यावर मी काड्या भातातून काढल्या, पुसल्या आणि आडव्या ठेवल्या. बाबा बराच वेळ त्यांच्याकडे बघत बसले. ते उठून गेल्यावर तो भात मी खाल्ला. तो तिच्या वाटणीचा आहे, हे कळल्यावरही. अन्न टाकायचं नाही म्हणून नव्हे. मला तो कोणाला द्यायचा नव्हता.