प्रोसेसर मी जाळलेला नाही

लोणी, ता. आंबेगाव
२९ ऑक्टोबर २००१

प्रिय ऋषीदादा,

परवा फोनवर तू मला बोलूच दिलं नाहीस. अण्णांच्या हातून मी रिसीव्हर घेईपर्यंत तू निकाल देऊनसुद्धा टाकलास: आशूनं प्रोसेसर जाळला, आता येईल त्या भावात कॉम्प्युटर विकून टाकू, रविवारी पुण्याहून गिऱ्हाईकच घेऊन येतो. वर हसलास. पत्राचं एक बरं असतं, समोरच्याला मध्ये तोंड घालता येत नाही. तेव्हा आता गुमान वाच.

होय, स्पीड मीच वाढवला. ओव्हरक्लॉकिंग म्हणतात त्याला. तूच टाकून गेलेल्या मासिकात सगळं दिलंय. बोर्डावरची जंपरची एवढीशी टोपी एका जागेवरून काढून दुसरीकडे बसवली की प्रोसेसर कंपनीनं ठरवल्यापेक्षा जोरात पळतो. का वाढवला म्हणशील, तर लग्नपत्रिकेवरचा गणपती पडद्यावर सोंडेपासून पायापर्यंत उमटेतो माझा चहा गार व्हायचा. मंचरच्या जावेदभाईंच्या प्रेसला मी लग्नपत्रिकांचा मजकूर कॉम्प्युटरवर मांडून देते, हे तुला ठाऊक तरी आहे का? तुळशीच्या लग्नानंतर त्यांना मान वर करायला फुरसत नसते. या हंगामाचं काम वेळेत दिलंस तर पुढं सगळ्या पत्रिका तुझ्याकडंच, असा त्यांचा शब्द आहे. आणि ते काम मिळालं तर यंदा मला पोह्यांची बशी घेऊन पाहुण्यांसमोर बसवायचं नाही, हे मी अण्णांकडून कबूल करून घेतलंय. तू विकायला निघालास ते हे, भंगार नव्हे.

जंपर हलवल्यावर मशीन पंधरवडाभर सुसाट चाललं. जरा तापायचं, म्हणून मी डब्याचा बाजूचा पत्रा काढून ठेवला होता. दसऱ्याला सकाळी बटण दाबलं तर सुरू झालं, टुक केलं आणि विंडोज यायच्या आत गप्प. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. झालं! अण्णा उंबऱ्यातूनच सुरू, "तरी म्या म्हणत व्हतो, पोरीच्या हातात स्क्रूड्रायव्हर कशापायी? लई शानी लागून गेली!" चुलते तर गोठ्यातली म्हैस गेल्यासारखं तोंड करून भेटून गेले.

मी रडले नाही. आधी जंपर जुन्या जागी बसवला. नाही. बोर्डावरचा सेल काढून परत घातला. नाही. रॅम काढून तिच्या सोनेरी पट्ट्या खोडरबरानं घासल्या. तरी नाही. मग डोक्यात आलं, अरे, जुन्या स्पीडलाही बंद पडतंय म्हणजे दोष स्पीडचा नाहीच! काल दुपारी बॅटरीचा उजेड पाडत आत वाकले. प्रोसेसरवरचा पंखा फिरतच नव्हता. पात्यांमध्ये झेंडूचं फूल देठासकट चेंगरलेलं, आणि वर हळदीकुंकवाचा लगदा वाळून घट्ट बसलेला. पंखा अडकल्यावर प्रोसेसर तापणार नाही तर काय! जळण्याआधी तो बिचारा आपणहून बंद पडत होता.

खंडेनवमीला मी मंचरला गेले होते. इकडं आईनं कुदळ, विळे, फवारणीचा पंप सगळं पुजलं. माझं मशीनही पुजलं, आणि पत्रा उघडा दिसला म्हणून फूल थेट आत, मधोमध वाहिलं. शेजारच्या ठमाबाई पूजेला होत्या, त्या सहज बोलता बोलता सांगत होत्या. आई त्यांना म्हणाली म्हणे, "ह्ये आमच्या आशूचं हत्यार हाय, त्याला कसं वगळू?" दादा, या घरात त्याला कुणी खेळणं म्हणतं, कुणी खूळ. हत्यार म्हणणारी ती एकटी. मला भरून आलं रे.

चिमट्यानं फूल काढलं, ब्रशनं पंखा साफ केला, मशीन सुरू झालं. जंपरही पुन्हा वरच्या स्पीडला लावलाय, मुद्दाम. आईनं विचारलं, "काय झालं व्हतं गं?" मी सगळ्यांसमोर सांगितलं, माझ्याच हातून बिघडलं होतं, मीच नीट केलं. अण्णा जिंकल्यासारखे मिशीत हसले. हसू देत. खरं कळलं तर ते आईला जन्मभर ऐकवतील, आणि ती माझ्या मशीनजवळ पुन्हा कधी फिरकणार नाही. तेव्हा बिघडवलं ते मीच, खुशाल गावभर सांगा. पण सगळंच गिळून गप्प बसायला मी काही संत नाही. एका तरी माणसाला खरं माहीत असायला हवं, आणि ज्यानं न बघता निकाल दिला त्यालाच ते कळावं, म्हणून तुला लिहिलं. आईपाशी यातलं एक अक्षर काढलंस तर भाऊबीजेला ओवाळणार नाही, सांगून ठेवते. रविवारी ये, पण एकटा ये. गिऱ्हाईक आणलंस तर त्याला चहा पाजीन आणि हात हलवत परत पाठवीन.

तुझीच, आणि तरीही तुझं न ऐकणारी,
आशू