दिवसा सांगितलेली गोष्ट

रविवार, १२ मार्च १९७२. पिंपळगाव राजा

माझा भाऊ वसंता लढाईवरून सुट्टीवर आलाय. आज भर दुपारी माझ्या सुमीला राजकन्येची गोष्ट सांगायला बसला, तर पोरीनं त्याच्या तोंडावर हातच ठेवला. "दिवसा गोष्ट सांगतली तं मामा वाट चुकते!"

हे मीच तिला शिकवलेलं. कामात लुडबुड नको म्हणून, दुसरं काय? पण लढाई चालू होती तोवर पोरीनं घरात कोणालाच दिवसा गोष्ट सांगू दिली नाही.

वसंता हसला नाही. म्हणाला, "मी तं तिथं दिवसाच सांगत होतो. राती आवाज करायची बंदी होती." खंदकात त्याच्या शेजारी संग्रामपूरचा एक जण पोटात गोळी लागून पडला होता. वसंतानं सकाळपासून त्याच्यासाठी राजकन्येची गोष्ट लांबवत नेली. "कण्हायचं सोडून तो 'मंग?' म्हने. मी बी त्याच्यापायीच थांबलो, ताई. नाही तं पळूनच गेलो असतो." दिवस बुडता बुडता तो गेला. गोष्ट अर्धीच राहिली.

सुमीनं विचारलं, "त्याले भाचे होते?"

"हाव. दोन."

"मंग त्यायनं दिवसा गोष्ट ऐकली असन."

माझे हात सुपातच थांबले. आठ वर्षांच्या पोरीला काय शिकवून बसले मी हे?

वसंतानं तिला जवळ ओढलं. तिचा हात पुन्हा त्याच्या तोंडाकडे गेला, तो त्यानं हळूच धरला.

"नाही, माय. त्यायनं नाही ऐकली. दिवसा गोष्ट म्या सांगतली."