आंबेहळदीची बोटं

आबा, पहिली आली ती म्हाताऱ्याची बायको. हातात केकचा डबा, दारातच चपला काढून सरळ आत. तिच्या मागनं म्हातारा, अंगानं ताडमाड, चौकटीला डोकं लागू नये म्हणून वाकून. घड्याळात बरोबर तीन. तीनला या असं आम्हीच सांगितलं होतं खरं, पण आपल्यात तीन म्हणजे चार की हो! मुलगा आणि सून शेव आणायला न्यू वर्ल्ड सुपरमार्केटच्या पलीकडच्या देशी दुकानात गेलेली, मी जुन्या गाऊनवर, कांदा अर्धाच चिरलेला. इकडं परदेशात, अप्पर हटला येऊन सहा वर्षं झाली, तरी ही माणसं सांगितलेल्या वेळेलाच येतात हे माझ्या डोक्यात बसत नाही. घरात मी आणि नात. आणि नात आठवडाभर तोंडाला कुलूप लावून बसलेली.

म्हातारा कोण, ते आधी सांगायला पाहिजे. तो नातीच्या फुटबॉल क्लबात कोच आहे, पण सगळ्यांचा नाही, फक्त गोलींचा, गोल अडवणाऱ्यांचा. होय आबा, तुमची पणती गोली आहे. तेरा वर्षांची, हातात हे एवढे हातमोजे. मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्लिशमध्ये. शनिवारी सकाळी वारा असा सुटतो की माझा पदर कानाला बांधावा लागतो, तरी मी मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून बसतेच. गेल्या शनिवारी मॅच संपत आलेली, साधा घरंगळत आलेला बॉल, आणि पोरीच्या हातातनं सुटून आत गेला. हरल्या. घरी आल्यावर म्हणाली बोट दुखतंय, आता खेळणार नाही, कधीच नाही. मी बोट बघितलं. सूज नाही, काही नाही. दुखत होतं ते बोट नव्हतंच, पण ते मी कशाला बोलू? मुलानं कोचला फोन केला, तर तो म्हणाला मी चहालाच येतो.

तर आता पाहुणे सोफ्यावर, आणि माझं बोलणं किया ओरा, म्हणजे इथला नमस्कार, आणि थँक्यूच्या पुढं जात नाही. चहा दिला. म्हाताऱ्यानं कप धरला आणि माझी नजर त्याच्या बोटांवर गेली. आबा, तुमचीच बोटं हो! करंगळी बाहेर पळालेली, मधलं बोट पेरातनं वाकडं, आल्याच्या तुकड्यांसारखी. फौंड्रीतनं येऊन तुम्ही तालमीच्या टीमकडनं गोली म्हणून अनवाणी खेळायचा, आणि मॅच झाली की आई चुलीपुढं तुमचे दोन्ही हात मांडीवर घेऊन आंबेहळदीचा लेप घालायची. तुम्ही त्या दिवसाचे शॉट सांगत बसायचा, ती नुसती हूं हूं करायची. ते सगळं डोळ्यापुढं आलं आणि मी उठलेच. विमानतळावर रीतसर दाखवून आणलेली आंबेहळद आहे माझ्याकडं, पळीत कोमट केली, आणि म्हाताऱ्याला न विचारता त्याचा हात ओढून घेतला. तो दचकला. मी नातीला म्हटलं, "सांग त्याला, गोलीच्या बोटाला हीच लागते. माझ्या बापाची अशीच होती."

आठवड्यात पहिल्यांदा पोरगी माणसांत बोलली. म्हातारा हसला, म्हणाला, "स्वीट ॲज," म्हणजे झकास. मग हात माझ्या मांडीवर अडकलेला, उठून जाणार कुठं? बसल्या बसल्या आपली कहाणी सांगायला लागला, आणि ती मराठीत आणायला नातीशिवाय कोण होतं!

"आजी, तो पंधरा वर्षांचा होता तेव्हा इंग्लंडमध्ये क्लबमध्ये गेला. आणि मोठ्या प्लेयर लोकांचे बूट पुसायचा. हीप्स ऑफ बूट."

"मग? गोलात कधी उभं केलं?"

"थ्री इयर्स नंतर. मग एक खूप मोठी मॅच होती, कप. सगळं गाव आलं होतं." इथं ती थांबली. म्हाताऱ्याकडं बघितलं. तो पुढं सांगत होता, ती ऐकत होती, मला कुणी काही सांगेना.

"अगं, पुढं काय?"

"आजी, बॉल त्याच्या हातातून गेला. इझी बॉल. पायांच्या मधून. आणि दुसऱ्या दिवशी तो मटण आणायला गेला, तर खाटीक म्हणाला, पिशवी नीट धर, नाहीतर ही पण सोडशील."

म्हातारा स्वतःच खो खो हसला. त्याची बायको म्हणाली, तेव्हा नव्हता हसला, चार दिवस जेवला नव्हता. क्लबनं त्याला काढलं. मग त्याहून लहान क्लब, मग त्याहून लहान. कुठं मैदानाला उतार, कुठं अंघोळीला गार पाणी. पण म्हणे केस पांढरे होईपर्यंत गोल सोडला नाही. मग एका उन्हाळ्यापुरता इथं खेळायला आला आणि राहिलाच; दिवसा रंगाच्या कारखान्यात, संध्याकाळी पोरांना शिकवायला.

"आजी, तो म्हणतो, लोकांना ती एकच मॅच आठवते," नात हळू बोलत होती, "पण त्याला बाकीच्या सगळ्या आठवतात."

मी म्हाताऱ्याच्या दुसऱ्या हाताला लेप लावत राहिले. तेवढ्यात बाजूला नातीचा पंजा आला. "आजी, मला पण." आबा, दुखणारं बोट उजव्या हाताचं होतं आणि तिनं पुढं केला डावा. मी गपचूप लावला.

तेवढ्यात शेव घेऊन दोघं आली. सून डोक्यालाच हात लावून म्हणाली, "अहो आई, पाहुण्यांना हळद लावलीत? आता मुहूर्त कधीचा काढू?" नातीनं ते पाहुणीला समजावलं, तर ती म्हणते, न्या खुशाल याला, याचे चिखलाचे बूटपण न्या, फक्त परत आणू नका. केवढं हसलो! मिसळ तिखट झाली होती, म्हातारा घाम पुसत दोनदा खाऊन गेला. पिवळ्या हातानं पुसत होता, कपाळसुद्धा पिवळं. पाहुणे गेल्यावर नातीनं हातमोजे धुतले आणि तारेवर वाळत टाकले.

आता तुम्हाला सांगायचं राहिलंय ते. फायनलला तुमच्या हातनं गोल गेला, लोक ओरडायला लागले, हाताला लोणी लावलंय काय. मी तुमचा टॉवेल आणि डबा धरून उभी होते, नऊ वर्षांची. एकानं विचारलं, "तू त्या गोलीची पोरगी न्हवं?" मी म्हटलं, "न्हाई." टॉवेल पाठीमागं लपवला. वळून बघते तर तुम्ही तिथंच होता. संध्याकाळी तुम्ही मला भडंगाची पुडी आणून दिली, आणि परत कधी खेळला नाही. तुम्ही ऐकलं होतं का, हे विचारायचा धीर तुम्ही जाईपर्यंत झाला नाही, आणि तुम्हाला जाऊन आता चाळीस वर्षं झाली.

गेल्या शनिवारी गोल गेल्यावर शेजारच्या खुर्चीवरच्या बाईनं नातीकडं बोट करून मला काहीतरी विचारलं. सगळं कळलं नाही, पण कळायचं तेवढं कळलं. मी उभी राहिले आणि मोठ्यानं म्हटलं, "यस! माय! माय!" म्हणजे माझी, माझीच. बाई घाबरली बिचारी.

चौथी शिकलेल्या हाताला एवढं लिहायला दोन दिवस लागले. पण हे पत्र टाकणार कुठं? आंबेहळदीच्या डब्याखाली घडी करून ठेवते. पाहुणे पुढच्या रविवारी येतो म्हणालेत, शनिवारची मॅच झाल्यावर. तीनला. कांदा मी दोनलाच चिरून ठेवणार आहे.