बुजवलेलं भोक

नागपूर
सोमवार, १८ जानेवारी १९८८

प्रिय सुभी,

पुढे वाचण्याआधी एक काम कर. आत जा, बाथरूममधला गिझर बंद कर, सिलिंडरची कळ पक्की फिरव आणि दार-खिडकी जे असेल ते उघडून ठेव. जयू आत असेल तर तिला आधी बाहेर काढ. मग बैस आणि वाच. एरवी मी पत्राच्या सुरुवातीला तुम्हा सगळ्यांची खुशाली विचारतो. आज तेवढं थांबण्याचं बळ माझ्यात नाही.

गुरुवारी नवा गॅस गिझर बसवल्याचं तुझं पत्र आलं आणि त्याच दुपारी मी तार केली, गिझर वापरू नका म्हणून. उत्तर नाही म्हणून शनिवारी शेजारच्या मार्तंडरावांच्या घरून ट्रंक कॉल लावला, तर तू हसलीस. म्हणालीस, बाबा, आईचं वर्षश्राद्ध जवळ आलंय म्हणून तुमचं मन असं झालंय. आमच्या मेकॅनिकने साबणाचं पाणी लावून एकेक जोड तपासलाय, कुठे बुडबुडासुद्धा आला नाही. मी काही सांगणार तोच तीन मिनिटं संपली. आणखी तीन मिनिटं हवीत का, असं ऑपरेटरने विचारलं होतं. मीच नको म्हणालो. ऐन वेळी माझी जीभ उचलत नाही, सुभी. त्याची शिक्षा गेलं वर्षभर दुसराच माणूस भोगतो आहे, आणि आता ती जयूपर्यंत पोचू पाहते आहे.

तुझ्या पत्रातली दोन वाक्यं मला पाठ झाली आहेत. मेकॅनिक धुराच्या नळीसाठी भिंत फोडू म्हणत होता, पण नुकता रंग दिलाय म्हणून तू नको म्हणालीस. आणि जयू हल्ली अंघोळ करून आली की डोकं दुखतं म्हणते, पुन्हा अंथरुणात शिरते, शाळेचा कंटाळा करते. कंटाळा नाही गं तो. तुझ्या आईचंही असंच झालं होतं. सकाळी न्हाऊन आली की म्हणायची, डोकं कसं जड झालंय. मी कपाळाला बाम चोळून द्यायचो. दुपारपर्यंत उतरायचं, म्हणून दोघांनाही कधी शंका आली नाही.

तू समजतेस की आई गॅस लीक झाल्यामुळे गेली. म्हणून तू जोड तपासून घेतलेस आणि निर्धास्त झालीस. गॅस लीक झालाच नव्हता, सुभी. एकही जोड सैल नव्हता. तुम्ही दोघांनी आईच्या सांधेदुखीसाठी गिझर पाठवला, तो बसवायला दुकानातून शालिकराम आला होता. तू त्याला पाहिलं नाहीस, नाव मात्र तुझ्या चांगलं लक्षात आहे. काटोलकडचा माणूस, चाळिशीचा, काम करताना तोंडाने काही बोलायचा नाही. पण नळीसाठी भिंतीत वीतभर भोक पाडायला निघाला तेव्हा मी कुरकुर केली. तेव्हा मात्र तो छिन्नी खाली ठेवून म्हणाला, "बाबूजी, आग खाते तशी उष्टंबी टाकते. ते उष्टं घरात ठेवाचं नाही. त्याले वास नाही, रंग नाही. माणसाले समजतबी नाही अन् माणूस झोपून जाते." मग त्याने नळी भिंतीबाहेर काढली, कोपर लावून वर वळवली, तोंडावर पत्र्याची टोपी बसवली. खालच्या बाजूला हवा यायला जाळी ठेवली. जाताना तुझ्या आईलाही सांगून गेला, की वहिनी, ही जाळी कशाने झाकू नका.

मी तीस वर्षं बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन होतो. लोकांच्या घरांचे नकाशे काढले, प्रत्येक न्हाणीघराला झरोका दाखवला, त्याची मापं लिहिली. आणि माझ्याच घरात मी काय केलं ते ऐक. शहाऐंशीच्या डिसेंबरात थंडीची लाट आली. जाळीतून वारा यायचा, नळीच्या बाजूच्या फटीतून यायचा. तुझी आई अंगावर पाणी घेताना कुडकुडायची. एके दिवशी म्हणाली, गरम पाणी असून काय उपयोग, वाऱ्याने हाडं गारठतात. मला राहवलं नाही. दुसऱ्याच दिवशी मी नळी काढली, भोकात विटांचे तुकडे घालून सिमेंट भरलं, वरून चुना फिरवला. जाळीला पुठ्ठा ठोकला. ती न्हाऊन बाहेर आली आणि म्हणाली, आता कसं ऊबदार झालं. कितीतरी दिवसांनी तिच्यासाठी काहीतरी हाताने केलं, म्हणून मी स्वतःवरच खूष होतो. शालिकरामचं बोलणं मला आठवत नव्हतं असं नाही. आठवत होतं. वाटलं, हे मिस्त्री लोक जरा वाढवूनच सांगतात.

पुढे चोवीस दिवस गेले. त्या सकाळी तिला केस धुवायचे होते, म्हणून वेळ लागतोय असं समजून मी पेपर वाचत बसलो. पाण्याचा आवाज चालूच होता. अर्ध्या तासाने हाक मारली, मग दार ठोठावलं, मग खांद्याने कडी तोडली. ती भिंतीला टेकून बसली होती. गिझर निळ्या ज्योतीने जळत होता. तिचा चेहरा गुलाबी दिसत होता, तरुणपणी उन्हातून आल्यावर व्हायचा तसा. म्हणून मला आधी वाटलं, ती ठीक आहे. मी तिला बाहेर ओढलं तोवर माझंही डोकं गरगरायला लागलं होतं. तेव्हाच मला सगळं कळलं. कुणी सांगावं लागलं नाही.

तुम्ही पोचायच्या आत मी गिझर उतरवून ठेवला होता. डॉक्टर म्हणाले, गॅसने गुदमरल्या. तू रडत विचारलंस, बाबा, त्या मिस्त्रीने काम नीट केलं नव्हतं का? मी म्हणालो, नसेल. हा एकच शब्द. तू दुकानात गेलीस, मालकासमोर ओरडलीस, लेखी तक्रार दिलीस. मी तुला अडवलं नाही. दुकानाने शालिकरामला काढलं, आणि गॅस लीक करून बाई मारली म्हणून शहरात दुसऱ्या कुणी त्याला उभं केलं नाही.

दहाव्या दिवशी तो भेटायला आला होता. तू आत होतीस. तो परसातून बाथरूमच्या भिंतीकडे गेला, नव्या चुन्यावरून बोट फिरवलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. तो निघून गेला. महिनाभराने पुन्हा आला, दारातच उभा राहून म्हणाला, "बाबूजी, तुम्ही फक्त एक डाव दुकानात सांगून द्या." मी म्हणालो, बघतो. त्यानंतर तो आला नाही.

काल रविवारी मी बसने काटोलला गेलो. विचारत विचारत गेलो तेव्हा सापडला. फळबाजारामागे संत्र्याच्या पेट्यांना खिळे ठोकत बसला होता. वाळला आहे. मला पाहून उठला आणि बसायला पेटी दिली. बायको घरी असते का, मुलं काय करतात, असलं काही विचारायची माझी लायकी नव्हती. मी त्याला तुझं पत्र वाचून दाखवलं. मग विचारलं, तू त्या वेळी सुभद्राला खरं काहून नाही सांगितलं? त्याने हातोडा खाली ठेवला. मग म्हणाला, "तिची माय गेली होती. वरून बापबी काढून घेऊ काय तिचा?"

सुभी, मी बाजारात लोकांसमोर रडलो. त्याने मला थांबवलं नाही आणि समजावलंही नाही. बरं केलं. आज सकाळी दुकानात जाऊन सगळं माझ्या हाताने लिहून सही करून आलो. मालकाने कागद दोनदा वाचला. शालिकरामला परत घेतील की नाही, ते सांगितलं नाही.

मी स्वतः जबलपूरला का आलो नाही, असं तुला वाटेल. मी आलो असतो तर तू मला पाणी दिलं असतंस, जयू मांडीवर येऊन बसली असती, आणि मी पुन्हा गप्प राहिलो असतो. मला माझी खात्री उरलेली नाही. म्हणून हे लिहून पाठवतो आहे, आणि पोस्टाने नाही. ज्याने तुझ्या हातात हे पत्र दिलं आणि जो आत्ता तुझ्या पायरीपाशी उभा आहे, तो शालिकराम आहे. आधी नाव सांगितलंस तर ती दारातूनच हाकलेल, म्हणून नाव सांगू नकोस असं मीच त्याला म्हणालो. त्याच्या थैलीत छिन्नी-हातोडा आहे, मापाची नळी आहे. काल मी त्याला विनवायला तोंड उघडलं, त्याच्या आधीच त्याने विचारलं होतं, पोरगी किती वर्षांची आहे. सात, मी म्हणालो. मग त्याने एवढंच विचारलं, "तिथची भिंत विटाची हाय का गोट्याची?" मला क्षमा कर असं मी म्हणत नाही. त्याला आत घे. सकाळपासून बसमध्ये आहे, आधी चहा दे. आणि मग त्याला ती भिंत फोडू दे.

तुझाच,
बाबा