पुठ्ठ्याच्या भिंतीवरचे ओघळ

भालकी, रविवार, दिवेलागण

आज माझं चुकलंच का? एवढं खपून अप्पांचं जुनं स्टेशन पुठ्ठ्यात उभं केलं. माझी खेळण्यातली रेल्वे त्याच्यासमोरनंच जाते. नवंकोरं दिसू नये म्हणून काळा रंग पातळ करून भिंतीवर ओघळ काढले, पत्र्याला गंज चढवला. लई भारी वाटलं मला.

अप्पा तिथं जन्मभर पोर्टर व्हते. बघून म्हणाले, "कामून एवढं घाण केलास रे?"

"जुनं दिसाय पायजे न्हवं, अप्पा."

"जुनं व्हतं. घाण कवाच न्हवतं."

व्हय, खरंच. साहेब तपासणीला यायच्या आदल्या दिशी ते स्वतः भिंतींना चुना मारायचे. हे मी कसं इसरलो?

त्यांनी टॉवेलचं टोक ओलं केलं आणि भिंत पुसाय लागले. पुठ्ठा भिजून फुगायलता, तरी त्यांचा हात धरणं मला जमलं न्हाई. टॉवेल आता दोरीवर वाळायलाय. ते टोक काळंच हाय.

पुसून झाल्यावर शर्टाची वरची गुंडी लावत म्हणाले, "आता येऊ दे सायबाला."

थट्टा असंल म्हणून मी हसलो. ते हसले न्हाईत.